माह्यं नाव काऊन नाई?

प्रफुलची गाडी दारात थांबली की करिष्मा फोन ठेवायची. "बरं, ठेव आता," एवढंच त्याच्या कानावर पडायचं. तो बूट काढून आत येईस्तोवर फोन फळीवर पालथा पडलेला असायचा आणि करिष्मा चहाचं आधण ठेवत असायची.

आधी त्याला हे कळायचं कारण नव्हतं. घुग्घुसजवळच्या एका सिमेंट कारखान्यात तो ठेकेदाराकडे पॅकिंगला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण पाळ्यांच्या नोकरीत त्याच्या बहुतेक संध्याकाळी कारखान्यातच गेल्या होत्या. होळीनंतर त्याला जनरल पाळी मिळाली. दिवस मावळायच्या आत घरी. त्याला वाटलं होतं, आता निदान संध्याकाळी बायको भेटेल. भेटायची ती तिची पाठ, आणि फळीवरचा पालथा फोन.

एकदा ती न्हाणीत गेलेली असताना त्याने फोन उघडून पाहिला. रोज संध्याकाळी एकच नाव होतं, रंजीता. म्हणजे करिष्माची धाकटी बहीण. ती नागभीडकडच्या एका खेड्यात सासूबरोबर राहायची. तिचा नवरा निकेश दोन वर्षांपूर्वी भातलावणीच्या, म्हणजे रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत साप चावून गेला होता, तेव्हापासून त्या घरात त्या दोघीच होत्या.

प्रफुलला हायसं वाटलं. पण फोन जागेवर ठेवता ठेवताच ते विरून गेलं. सख्ख्या बहिणीशी बोलते, तर मग आपण आलो की थांबते कशाला?

काही दिवसांनी त्याची गाडी पंक्चर झाली. ती दुकानात टाकून तो पायीच घराकडे निघाला. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे करिष्माला तो आल्याचं कळलं नाही. घराच्या मागच्या बाजूला न्हाणीपाशी एक पायरी होती, तिथेच काय ते नीट नेटवर्क यायचं. ती तिथे बसून बोलत होती आणि बाजूच्या बोळात उभ्या प्रफुलला सगळं ऐकू येत होतं.

"आजची ऐक," करिष्मा म्हणाली. "दुपारी गॅस संपला. कुकर चढवलेला, अन् आग भकभक करून विझली. मी डोकंच धरलं. आता कच्ची डाळ घेऊन कोणाच्या घरी जाऊ? तेवढ्यात शिट्टी झाली! गॅस नाई, काई नाई, अन् शिट्टी. झाकण उघडून पाह्यलं तं डाळ अशी मऊ शिजलेली. मी एकटीच हासत बसली ना गं शेगडीपुढं." आणि ती पुन्हा हसली. "आता तुही सांग."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मधूनच "हं", मधूनच "अगं बाई!" आणि शेवटी पुन्हा ते हसणं.

प्रफुल पुढच्या दाराने आत गेला. करिष्मा लगबगीने आली. "आज गाडी कुठी आहे? अन् गॅस संपला, नंबर लावा."

एवढंच. त्याच्या वाट्याला गॅस संपल्याचं आलं. शिट्टीचं सगळं रंजीताच्या.

तो चहा प्यायला, पण चहा कसा होता ते त्याला सांगता आलं नसतं. ते हसणं त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं, मग कधी बंद झालं ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याला वाटत होतं की संसारात ते असंच कमी होत जातं. ते कमी झालंच नव्हतं. रोज संध्याकाळी ते नागभीडकडे जात होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली, तरी प्रफुलने ती चौकातल्या पानठेल्यापाशीच उभी केली आणि तो पायी घरी आला. तिसऱ्या दिवशीही. आपण काय करतोय हे त्याला समजत होतं आणि लाजही वाटत होती, पण चौक आला की हात आपोआप ब्रेकवर जायचा.

ऐकता ऐकता त्याला त्या बोलण्याची रीत उमगली. दोघी बहिणी एकमेकींना रोज एक चांगली गोष्ट सांगायच्या. एकच. रडगाणं नाही, उणीदुणी नाहीत. नळ एक दिवसाआड यायचा, ट्रकांची काळी धूळ धुतलेल्या कपड्यांवर बसायची, प्रफुलच्या आईचे, वच्छलाबाईंचे गुडघे रात्रंदिवस ठणकायचे, पाच वर्षांच्या पीहूचा खोकला जात नव्हता. हे सगळं तसंच होतं. पण त्यातून करिष्मा रोज काहीतरी वेचून काढायची. वाळवणावर चादर टाकायचं नेमकं वेळेवर सुचलं आणि लगेच ट्रकांची रांग आली. सासूबाईंनी आज भाजीला नाव न ठेवता पोळी खाल्ली. शेजारच्या नीलाबाईने अंबाडीची भाजी दिली, तीही निवडून. पीहू झोपेत न खोकता नुसती बडबडली.

रोज कोणी ना कोणी त्या फोनवरच्या गोष्टीत यायचं. प्रफुल बोळात उभा राहून वाट बघायचा. आज आपण. आज नक्की आपण. काल आपण तिच्यासाठी नळावर दोन फेऱ्या मारल्या, आज ते येईल. पण यायचं दुसरंच कोणीतरी.

एके दिवशी आला बिरजू.

बिरजू म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा पीठचक्कीवाला. करिष्माचा मिक्सर महिनाभर बंद होता. "रविवारी पायतो," असं म्हणून प्रफुलने तो खाटेखाली सरकवून ठेवला होता आणि कितीतरी रविवार त्याच्यावरून गेले होते. त्या दिवशी करिष्मा दळण आणायला गेली ती मिक्सर घेऊन गेली, आणि बिरजूने स्क्रू फिरवून तो चालू करून दिला.

"पैसे बी नाई घेतले गं," करिष्मा फोनवर सांगत होती. "म्हणे, वहिनी, एवढ्याशासाठी काय पैसे? किती बरं वाटलं मले. आज शेंगदाण्याची चटणी केली, बारीक."

ताटातल्या त्या बारीक चटणीला बोटही न लावता प्रफुल उठला. दुसऱ्या दिवशी बिरजूने चक्कीतून हात केला, "काय प्रफुलभाऊ, चहा?" तर प्रफुल मान फिरवून निघून गेला. बिरजू साठीच्या घरातला माणूस होता, मिशा कायम पिठाने पांढऱ्या. त्याच्यावर जळणं म्हणजे वेडेपणा, हे प्रफुलला कळत होतं. तरीही तो जळत होता. नीलाबाईवर जळत होता, स्वतःच्या आईवरही जळत होता. सगळ्यात जास्त रंजीतावर. आपल्या बायकोचा दिवस सोलून त्यातला गर तिच्या हातावर, आणि साल आपल्या.

मग त्याने ठरवलं, आपणही काहीतरी करायचं.

करिष्माला झिंगे फार आवडायचे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी प्रफुल कारखान्यातून थेट नदीकाठच्या ढिवरांच्या वस्तीवर गेला, दिवसाच्या शेवटच्या जाळ्यातले ताजे झिंगे घेतले आणि घरी येऊन पिशवी तिच्या हातात दिली.

"अगं माय!" करिष्मा म्हणाली. तिचे डोळे चमकले, ते त्याने नीट पाहिलं. तिने ते साफ केले, लसूण घालून केले आणि सगळ्यांना वाढले.

दुसऱ्या संध्याकाळी तो बोळात लवकरच जाऊन उभा राहिला.

"कालची राह्यलीच सांगायची," करिष्मा म्हणाली. प्रफुल भिंतीला आणखी खेटला. "न्हाणीमागं मांजर व्याली गं! एक पिल्लू तं असं कोळशावानी काळं, त्याले धूळ लागली तरी दिसत नाई!"

प्रफुल बोळातून बाहेर पडला तो सरळ चौकात गेला आणि अंधार पडेपर्यंत घरी आला नाही. माणसाने मांजरीशी कुठवर टक्कर द्यायची?

मे महिना लागला. चंद्रपूरकडचं ऊन, त्यात टिनाचं छप्पर. आणि नेमका कूलरचा पंप जळाला. दोन रात्री कोणाला झोप लागली नाही. वच्छलाबाई ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायच्या, पीहू किरकिर करायची. प्रफुलने सुट्टी टाकली, चंद्रपूरला जाऊन नवा पंप आणला, जुनं गवत काढून नवं भरलं. अंगभर गंजकं पाणी, बोटं कापलेली. दुपार कलली तेव्हा कूलर घरघरला आणि खोलीत पहिली ओली, वाळ्याच्या वासाची हवा शिरली. पीहू त्याच्यापुढे तोंड उघडून उभी राहिली. वच्छलाबाईंनी "देवा" म्हणून पाय लांब केले.

त्या संध्याकाळी बोळात जायची गरज नव्हती. प्रफुल घरातच होता, न्हाणीत आंघोळ करत होता, आणि पायरी भिंतीपलीकडेच होती. त्याने अंगावर पाणी घेणं थांबवलं.

"आज आमचा कूलर सुरू झाला," करिष्मा सांगत होती. "असा गार वारा आला का काय सांगू. सासूबाई तं बसल्या बसल्याच झोपल्या. दोन दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला पाह्य."

आणि बस. संपलं.

प्रफुल अर्धवट ओल्या अंगाने बाहेर आला. करिष्माच्या हातात फोन अजून चालूच होता.

"आपोआपच सुरू झाला का तो कूलर?" तो ओरडला. "पंप सोताच चालत आला चंद्रपूरवरून? गवत सोताच भरल्या गेलं?"

करिष्माने फोन बंद केला. तिचा चेहरा उतरला, मग हळूहळू घट्ट झाला.

"तुमी चोरून ऐकून राह्यले होते?"

"आजच नाई. रोज ऐकतो. मिक्सर बिरजूनं केला तं बिरजूचं नाव. भाजी नीलाबाईनं देल्ली तं नीलाबाईचं. मांजर व्याली तं मांजरीचं बी! माह्यं नाव काऊन नाई? मी काय या घरात भाडेकरू आहो?"

"रोज ऐकता?" तिने पुन्हा विचारलं. बाकीचं तिला ऐकूच गेलं नव्हतं जणू. "बोळात उभं राहून? चोरावानी?"

वच्छलाबाईंना जाग आली होती. कूलरसमोरून त्या म्हणाल्या, "काऊन रे भांडता? नाव घेत नाई म्हणून? तुह्या बापाचं नाव मी जनमभर घेतलं नाई, तो तं कधी रुसला नाई."

एरवी कोणी हसलं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्यानंतर करिष्माने फोन करणं सोडलं. संध्याकाळी प्रफुलची गाडी दारात थांबायची तेव्हा ती ओट्यापाशी उभी असायची, फोन फळीवर सरळ ठेवलेला. रंजीताचा फोन आला तर ती उचलायची आणि म्हणायची, "उद्या बोलू." प्रफुलला हेच हवं होतं, असं त्याला वाटलं होतं. पण त्याच्या वाट्याला जास्तीचं काही आलं नाही. चांगल्या गोष्टी आता कोणालाच सांगितल्या जात नव्हत्या. घरात नळ, गुडघे आणि खोकला तेवढे राहिले.

आणि मग रविवारी सकाळी रंजीताचा फोन आला, तोही प्रफुलला.

"भाऊजी, मी गाडीत बसली आहो. बाईले सांगू नका. चांदा फोर्ट स्टेशनवर याल का घ्याले?"

रंजीता करिष्माला बाई म्हणायची, थोरली बहीण म्हणून. निकेश गेल्यापासून ती एकटी कुठे निघाली नव्हती. प्रफुल "हो" म्हणाला, दुसरं काय म्हणणार? पण स्टेशनकडे जाताना तो मनातल्या मनात भांडत होता. आता घरी येऊन बसेल. आता तर फोनचीही गरज नाही.

रंजीता फलाटाच्या टोकाला उभी होती. हातात कापडी पिशवी, तिच्यातून पोह्याच्या पापडांचा डबा डोकावत होता. ती त्याच्या गाडीवर मागे बसली. पडोली चौक मागे पडला. घुग्घुसच्या अलीकडे रेल्वेचं गेट पडलेलं होतं. कोळशाची मालगाडी सरकत होती, डब्यामागून डबा. मागेपुढे ट्रक. प्रफुलने गाडी बंद केली. रंजीता उतरली, धुळीसाठी पदर नाकाला लावला.

"भाऊजी, बाई आजारी आहे का?"

"नाई."

"मंग फोन काऊन नाई करून राह्यली? मी केला तं म्हणते, उद्या बोलू. तिचा उद्या येतच नाई. मले वाटलं काई तरी झालं अन् माह्यापासून लपवून राह्यले तुमी."

प्रफुलला गप्प बसता आलं असतं. पण इतक्या दिवसांचं साठलेलं होतं.

"झालं मले," तो म्हणाला. "तुमी दोघी रोज बोलता. सारी गल्ली येते तुमच्या बोलण्यात. मी येतो का कधी? तुह्या बहिणीनं सांग बरं, एकदा तरी माह्यं नाव घेतलं का?"

मालगाडीचे डबे जात राहिले.

"एकदा घेतलं होतं," रंजीता म्हणाली. "निकेश गेला त्या साली मी जेवत नव्हती, कोणासंग बोलत नव्हती. तवा बाईनं हे सुरू केलं. म्हणे, रोज एक चांगली गोष्ट मले सांगाची, कितीबी बारीक असो, मी बी सांगीन. पहिले मी नुसतं ऐकत होती. एक दिवस ती म्हणाली, आज लय पाणी पडून राह्यलं होतं अन् हे ड्यूटीवरून येताना शर्टाच्या आत कागदात गुंडाळून गरम आलूबोंडे घेऊन आले, भिजू नाई म्हणून. सोता पुरे भिजले, आलूबोंडे कोरडे."

प्रफुलला ते अंधुक आठवलं. अशी काही मोठी गोष्ट नव्हती ती.

"मी फोन कापला," रंजीता म्हणाली. "लय दिवस उचलला नाई तिचा. निकेश बी असाच काई ना काई खिशात घेऊन ये. तवापासून बाईनं तुमचं नाव नाई घेतलं. मी कधी म्हटलं नाई तिले, घेऊ नको म्हणून. तिचं तिनंच सोडलं."

ट्रकवाल्याने उगाच हॉर्न वाजवला. प्रफुल गाडीच्या टाकीकडे बघत होता.

"तुमची गाडी दारात थांबते ना," रंजीता पुढे म्हणाली, आता जरा भराभर, "तो आवाज मले फोनमधून येते. मंग बाई म्हणते, ठेव आता. तुमचं बोलणं मले ऐकू येऊ नाई म्हणून. अन् मी फोन हातात धरून तशीच. लय जळण होते भाऊजी. सख्ख्या बहिणीवर. तुमच्या त्या खटारा गाडीवर." ती थांबली. "मधात काही दिवस गाडीचा आवाजच नाई आला. मले वाटलं तुमची पाळी बदलली. खरं सांगू? बरं वाटलं मले. मंग सोताचीच लाज वाटली."

प्रफुलवर आजवर कोणी जळलेलं नव्हतं. ठेकेदाराकडचा कामगार, टिनाचं छप्पर, जुनी गाडी. त्याच्यावर जळण्यासारखं होतं तरी काय? ऐकून त्याला क्षणभर, कबूल करायला लाज वाटावी असं, बरंच वाटलं. पुढच्या क्षणी त्याला रंजीताचं ते एकटं घर दिसलं, आणि बोळात उभे आपण दिसलो.

"पाळी नव्हती बदलली," तो म्हणाला. "मी गाडी चौकात ठेवत होतो. तुमचं चोरून ऐकाले."

रंजीताने त्याच्याकडे पाहिलं. पदराआडून आधी तिचे डोळे हसले, मग ती मोठ्याने हसली. ट्रकवरचा क्लीनर वाकून बघायला लागला. हे हसणं प्रफुलच्या ओळखीचं होतं. दोघी बहिणींचं एकच होतं.

"अन् तू काय सांगत होती?" त्याने विचारलं. "मले एकाच बाजूचं ऐकू ये."

"परवाची तं सांगाचीच राह्यली. परवा सासूनं मले नावानं हाक मारली. निकेश गेला तवापासून 'ए' म्हणे, नाई तं भांडं वाजवे. परवा म्हणाली, रंजीता, जेवून घे." ती पुन्हा मागे बसली. गेट उघडत होतं. "बाईले तुमी नका सांगू. मी सांगीन."

घरी पोचल्यावर करिष्मा आधी रागावली, एकटी कशी आली म्हणून, मग बहिणीला घट्ट धरून उभी राहिली. संध्याकाळी दोघी न्हाणीपाशी पायरीवर बसल्या. प्रफुल पीहूला कुल्फी खायला चौकात घेऊन गेला. मागून हसणं ऐकू आलं तेव्हा त्याची पावलं जराशी मंदावलीच. पण तो मागे वळला नाही. वाटेत चक्कीपाशी बिरजू दिसला, तर त्याने आपणहून विचारलं, "चहा घेता का भाऊ?" बिरजू गोंधळून हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. प्रफुल आणि करिष्मा पाण्याचे पितळी गुंड भरत होते.

"रंजीतानं सांगतलं मले," प्रफुल म्हणाला.

"मंग झालं समाधान?"

"मले आधीच सांगतलं असतं तं..."

"काय सांगू? तुमचं नाव घेतलं का माही बहीण रडते, असं?" करिष्माने भरलेला गुंड बाजूला केला. "अन् खरं सांगू का, काई दिवस तुमचं सांगाजोगं काई नसते बी."

ते प्रफुलला लागलं. त्याने रिकामा गुंड नळाखाली सरकवला.

"कूलरचं होतं," तो म्हणाला.

"कूलरचं होतं," तिने मान्य केलं. "झिंग्याचं बी होतं. त्या दिवशीचा रस्सा मी दुसऱ्या दिवशीच्या भातासाठी लपवून ठेवला होता, म्हाईत आहे? कोणालेच नाई देल्ला."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी घरी आले का जेवता अन् मोबाईल पायता. इचारलं कधी, का आज काय झालं म्हणून?"

त्या संध्याकाळी त्याने विचारलं. इतकं अवघडून विचारलं की करिष्माला हसू आलं, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. पण तो विचारत राहिला. कधी ती सांगायची, कधी "काई नाई, डोकं दुखून राह्यलं" म्हणायची, आणि एकदा तर "आज सांगाजोगं एकच, का आजचा दिवस संपला" म्हणाली. तेही त्याला चाललं.

रंजीता आठवडाभर राहून परत गेली. बहिणींचे फोन सुरू झाले. प्रफुल आला की करिष्मा आता फोन ठेवायची नाही, आणि तो बोळात थांबायचा नाही.

जुलैमध्ये धानाच्या भागात रोवणे सुरू झाले. एके संध्याकाळी करिष्मा बोलता बोलता थांबली आणि फोन प्रफुलपुढे धरला. "तुमाले मांगून राह्यली."

प्रफुलने फोन घेतला आणि तो पायरीकडे गेला. पलीकडे रंजीता दम लागल्यासारखी बोलत होती.

"भाऊजी, आज मी बांधीत उतरली. निकेशले चावला त्याच बांधीत. गमबूट घालून उतरली. पाय लटलट करत होते, पण पुरी पात रोवली, या बांधापासून त्या बांधापर्यंत. सासू बांधावर उभी होती काठी घेऊन, एक एक गवत झोडपत." ती थांबली. "बाईले आजच नका सांगू. ती घाबरते, रातभर झोपणार नाई. उद्या मीच सांगीन. पण आज कोणाले तरी सांगाचं होतं."

"चांगलं केलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पहिल्या पातीलेच त्रास होते. पुढं होत नाई." मग आणखी थोडा वेळ तो ऐकत राहिला. रोपं किती उंच झाली, चिखल किती होता, मजूर बायांनी काय गाणं म्हटलं.

तो आत आला तेव्हा करिष्मा दारातच उभी होती.

"काय सांगतलं तिनं?"

"आजची गोष्ट."

"मले तं म्हणाली, आज काई खास नाई."

"तुले उद्या सांगणार आहे म्हणे."

"मले उद्या, अन् तुमाले आज?" करिष्माच्या कपाळावर आठी चढली. "एवढं काय आहे जे सख्ख्या बहिणीले नाई सांगता येत? किती वेळ बोलून राह्यले होते तुमी?"

हा चेहरा प्रफुलने स्वतः खूप दिवस वागवला होता. त्याला हसू येत होतं, पण तो हसला नाही. चिडवलंही नाही. "काळजीचं नाई," तो म्हणाला. "चांगलंच आहे. तिनंच म्हटलं, आज सांगू नका म्हणून."

करिष्मा आत गेली. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जास्तच जोरात लाटल्या गेल्या. वच्छलाबाईंनी विचारलं, "आता कोण रुसलं?" आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी रंजीताने तिला सांगितलं. करिष्मा पायरीवर बसून खूप रडली, मग डोळे पुसून बहिणीला गमबुटांवरून दहा सूचना दिल्या, मग हसली. रात्री प्रफुलला वाढताना मात्र तिने भाताचा डाव हवेत थांबवला.

"तरी तुमालेच आधी सांगतलं तिनं," ती म्हणाली, आणि भात ताटात जरा लांबूनच टाकला.